पुढारी व परिचारिका
(लूक 10:30–37)

पुढारी कोणास म्हणावे, असा प्रश्न आम्ही पनवेलच्या मंडळीस करितो. सन 1848 पासून पुण्यात मुलींस शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले 1897 च्या प्लेगात स्वतः रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. मुंढव्याचा एक आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेला. त्याच रोगाने 10 मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी हुकमाची वाट पाहिली नाही, जात पाहिली नाही, भय धरिले नाही. परिचारिकेस हेच गुण हवेत. त्या ख्रिस्ती नव्हत्या. जखमा बांधणारा शोमरोनीही परकाच होता. तर मग रोग्याचे अंथरूण धुणाऱ्या बहिणीस आम्ही हलके का लेखावे? तीच आमची पुढारी होय.