वास येतोय, आणि तुम्ही गप्प?

फोन खिशात ठेवा आणि नीट ऐका. ‘सर, ऑपरेशन थिएटरमध्ये थोडा वास यायचाच, सवय होते,’ हे वाक्य पुन्हा कानावर आलं तर वर्गाबाहेर उभं करीन. भूल देण्याच्या यंत्रावर काम करायला निघालात आणि गळतीला सवय म्हणता?

अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनं १९७७ सालीच मर्यादा सांगून ठेवली आहे. हॅलोथेनच्या जातीच्या वायूंसाठी हवेच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त २ भाग, नायट्रस ऑक्साइडसाठी २५. हॅलोथेनचा वास बहुतेकांना कळतो तोवर ही मर्यादा कितीतरी पट ओलांडलेली असते. नायट्रसला तर वास जवळजवळ नाहीच. मग कोणाच्या नाकावर भरवसा ठेवता?

डोकं दुखतं, गुंगी येते, ते चहा पिऊन विसरता. नायट्रस शरीरातलं बी-१२ निकामी करतं, ते कसं विसराल? अमेरिकेत दंतवैद्यांच्या मदतनीस स्त्रियांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. वायू बाहेर काढण्याची सोय नसताना आठवड्याला पाच तास किंवा जास्त नायट्रसमध्ये काम करणाऱ्यांना दिवस राहायला उशीर होत होता. सोय होती तिथे तो फरक दिसला नाही. आता सांगा, वायू बाहेर नेणारी स्कॅव्हेंजिंगची नळी जोडायचा कंटाळा तुम्ही कोणाच्या जिवावर करता? तुमच्या शेजारी उभ्या सिस्टरच्या आणि केस संपल्यावर लादी पुसायला येणाऱ्या मावशींच्या!

उद्या अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या नर्सिंग होममध्ये लागाल. अनेक ठिकाणी इमारतीतल्या जागेतच ऑपरेशन थिएटर, खिडक्या बंद, भिंतीवर स्प्लिट एसी. तो एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून परत सोडतो. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘एनएबीएच’चे नियम ताशी २० वेळा हवा फिरवा म्हणतात, त्यांपैकी ४ वेळा ताजी. मालकांना हे विचारा. विचारायला लाजू नका.

आणि एन-९५ लावून शहाणपणा करू नका. तो धूळ अडवतो, वाफ नाही. कोळशाचा डबाही नायट्रस अडवत नाही.

तोंडावर मास्क घट्ट बसल्याशिवाय वायू सुरू करायचा नाही. व्हेपोरायझर भरताना थेंब सांडायचा नाही. केस संपताना शुद्ध ऑक्सिजन देऊन मगच सर्किट काढायचं. स्कॅव्हेंजिंगची नळी टेबलाखाली लोंबकळत ठेवायची नाही. ती इमारतीबाहेर, कोणाच्याही खिडकीपासून दूर निघाली पाहिजे.

रोज पहिल्या केसआधी गळतीची तपासणी करा आणि वहीत सही करा. तपासणी न करता केलेली सही मी लबाडी समजेन. घाई करणारे डॉक्टर ओरडले, तर माझं नाव सांगा. पण श्वास तुमचा आहे, त्याची जबाबदारी माझ्यावर टाकू नका.