दाराबाहेर

पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गाला फुटणाऱ्या एका बोळात आमचे वडिलोपार्जित घर असल्यामुळे आषाढीचा गलबला ऐकतच माझे सारे आयुष्य गेले, आणि महसूल खात्याच्या चाकरीत असताना तर काही वर्षे मी यात्रेच्या बंदोबस्तावर, म्हणजे त्या गलबल्याच्या ऐन पोटात काढली. परंतु 1 जुलै 2020 रोजी, आषाढी एकादशीच्या पहाटे, मला जाग आली ती शांततेने. कोरोनाच्या साथीमुळे शहरात संचारबंदी होती. चंद्रभागेचे वाळवंट मोकळे पडले होते, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांच्या सोबतीने एस.टी.त बसून आदल्या दिवशीच येऊन पोहोचल्या होत्या, आणि ज्या वाटेला दिंड्यांना पंधरा-वीस दिवस लागावयाचे ती वाट काही तासांत उरकली होती. मंदिरात नैवेद्य दाखवला जात होता, शासकीय महापूजाही यथासांग झाली; बाहेर राहिला होता तो केवळ भक्त.

त्या दिवशी पुण्याहून चिरंजिवांचा फोन आला. माझा स्वर पडलेला ऐकून ते म्हणाले, "बाबा, देव काय देवळातच असतो का? घरूनच हात जोडा." हे वाक्य वेदान्ताच्या कसोटीवर निर्दोष आहे, व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे, आणि संतवाङ्मयातून त्याला हवे तितके आधार काढून दाखवता येतील; तरीही ते माझ्या मनात दिवसभर सलत राहिले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचे कारण उमगले. तेच वाक्य मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकले होते. फक्त ते तिने स्वतःविषयी उच्चारलेले नव्हते.

माझी आजी कडक सोवळ्याची. वलणीवर वाळत घातलेले तिचे लुगडे आम्ही नातवंडांनी चुकून शिवले तर ते पुन्हा धुतले जाई. साने गुरुजींनी 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले, त्यानंतर विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडले. त्या वेळी मी पाळण्यात होतो. पण आजी पुढे कितीतरी वर्षे त्या गोष्टीचा विषय निघाला की म्हणे, "चोखोबाला देव बाहेरूनच पावला की! आत येऊन काय मोठं व्हायचं होतं?" तिच्या शब्दांत दुष्टावा नव्हता, भक्ती होती, आणि म्हणूनच ते अधिक भयंकर होते. देव सर्वत्र आहे हे दाराबाहेर उभ्या असलेल्या चोखामेळ्याने म्हटले तर तो साक्षात्कार. तेच आत बसलेल्याने बाहेरच्याला ऐकवले तर तो कडीकोयंड्याचाच एक प्रकार. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु त्या अस्थीसुद्धा दाराबाहेरच राहिल्या, हे सांगताना आमचा आवाज किंचित खाली येतो.

2020 च्या त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आजीचे सोवळे परत आले. दुधाची पिशवी साबणाच्या पाण्याने धुतली जाई, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली जाई, वर्तमानपत्र उन्हात टाकून दुपारी वाचले जाई (बातम्या अशा असत की शिळ्या झाल्याने त्यांचे काही बिघडत नसे). वीस वर्षे आमच्या दारी येणारी भाजीवाली बाई आली की मी उंबऱ्याच्या आत उभा राहून पैसे पायरीवर ठेवी, मागे सरे, आणि मग ती ते उचली. एके दिवशी ती नोटा कनवटीला लावताना हसली आणि म्हणाली, "काका, आता तुमाला बी लांब हुबं ऱ्हावं लागतंय व्हय!" त्या 'बी' मध्ये कोणता इतिहास होता हे मी तिला विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मला होता असेही वाटत नाही.

परंतु येथेच माझ्यातला जुना कारकून दोन दस्त एकाच फायलीत लावण्यास नकार देतो. रोगाच्या भयाने राखलेले अंतर आणि जन्माच्या कारणाने लादलेले अंतर ही दिसायला सारखी असली तरी एक नव्हेत. पहिल्याला मुदत असते, दुसऱ्याला नसते. पहिल्यात मीही समोरच्याला तितकाच घातक असतो, दुसऱ्यात विटाळ नेहमी एकाच बाजूने वाहतो. आणि आमच्या पंढरपुरापुरते पाहावयाचे तर दार लावण्याच्या पुण्यातूनच हे क्षेत्र जन्माला आले आहे. पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांची सेवा करीत होता. दाराशी प्रत्यक्ष परब्रह्म आले. त्याने मागे न वळता वीट भिरकावली आणि थांबावयास सांगितले. अठ्ठावीस युगे देव जो तिष्ठत आहे तो दाराबाहेरच. म्हाताऱ्यांच्या जिवाला धोका आहे म्हणून देवाला थांबवणे हा येथला पाखंडीपणा नसून मूळ आचार आहे, आणि मंदिर उघडावे म्हणून धर्माच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची आठवण झाली याचा मला विस्मय वाटतो.

मात्र पुंडलिकाचा अधिकार दार लावण्यात नव्हता, आत चाललेल्या सेवेत होता. आईबापांचे पाय ज्याच्या हाती नाहीत त्याला वीट फेकण्याचा हक्क कोठून येणार? सरकारने आमच्यापुढे फेकलेली वीट 1897 च्या फेब्रुवारीतली होती. साथरोग कायदा त्या वेळी अवघ्या चार कलमांचा झाला: पहिल्यात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला काय करता येईल, तिसऱ्यात रयतेने न ऐकल्यास काय होईल, आणि चौथ्यात, सद्भावनेने काहीही केले तरी अंमलदारावर दावा चालणार नाही. हे चौथे कलम म्हणजे राज्यसत्तेचे सोवळे. त्याच कायद्याच्या पाठबळावर पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील रँडसाहेबाने सोल्जरांकरवी घरे झडतली आणि त्या वर्षीच्या 22 जूनच्या रात्री चापेकरांच्या हातून त्याला गोळी लागली, त्या जखमेने तो पुढे मेला. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, प्लेगने फणफणलेल्या पोराला पाठुंगळीस घेऊन आपल्या मुलाच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले 10 मार्च रोजी त्याच रोगाने गेल्या. चार कलमांत त्यांच्यासाठी एकही नव्हते.

मी स्वतः असंख्य हुकुमांचे मसुदे लिहिले आहेत. 'ज्याअर्थी' ने आरंभ होतो, 'त्याअर्थी' ने फर्मान सुटते, आणि या दोहोंच्या मध्ये ज्याचा संसार चिणला जातो त्याचे नाव मसुद्यात येत नाही. ज्याअर्थी साथ पसरली आहे त्याअर्थी प्रत्येकाने आपापल्या घरी राहावे, या वाक्यात प्रत्येकाला घर आहे, आणि ते तेथेच आहे, हे गृहीत धरलेले असते. जालन्याहून रुळांच्या कडेने मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडे निघालेले 16 मजूर 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोपले असताना मालगाडीखाली सापडले. त्यांच्या भाकऱ्या रुळांत पडलेल्या दिसल्या. मी ते छायाचित्र पाहून वर्तमानपत्र घडी घालून ठेवले, आणि माझ्या पेन्शनीची रक्कम त्या महिन्यातही खात्यात जमा झाली होती हे मला आठवले.

पुढले राजकारण सर्वांस ठाऊक आहे. 31 ऑगस्टला डॉ. आंबेडकरांचे नातू प्रकाश आंबेडकर मंदिर उघडावे म्हणून पंढरपुरात आले, आमच्या घरावरून घोषणा गेल्या, आणि ते मोजक्या सोबत्यांसह आत जाऊन दर्शन घेऊन आले. ज्यांच्या आजोबांनी 1948 साली अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांनी या दारातून आत जावे, आणि तेही वारकऱ्यांच्या वतीने दाद मागत, हा काळाचा विनोद आजीला कळला असता की नाही कोण जाणे! ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात मंदिरांवरून हिंदुत्वाचा पत्रव्यवहार झाला. त्यात देवापेक्षा शेरेबाजी अधिक होती. दिवाळीच्या पाडव्याला दारे उघडली, एप्रिल 2021 च्या आरंभी पुन्हा लागली. आणि ती लागलेली असतानाच आमच्या गावात पोटनिवडणूक आली. मतदारसंघाचे नावच पंढरपूर-मंगळवेढा, म्हणजे जेथे चोखोबा गाडले गेले आणि जेथे ते उभे राहिले ती दोन्ही गावे त्यात आली. सर्व पक्षांच्या सभा झाल्या, गर्दी झाली; देवाला गर्दी वर्ज्य, मतपेटीला नाही. 17 तारखेला मीही गेलो. एका हाताचा हातमोजा देण्यात आला, तो घालून मी बटण दाबले. चाकरीत असताना ज्या मतदानकेंद्रांवर मी दिवसच्या दिवस काढले तेथे त्या दिवशी मला कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांत भय दिसले, आणि मी मत देण्यास आलो याची पहिल्यांदाच थोडी लाज वाटली. तरी दिलेच. नागरिकाचे कर्तव्य आणि म्हाताऱ्याची हौस यांतली सीमारेषा मला आजवर आखता आलेली नाही.

त्या वर्षीच्या घटस्थापनेला दर्शन पुन्हा सुरू झाले, पण ते लांबून. विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकता येते हे आमच्या क्षेत्राचे मोठे वैशिष्ट्य, आणि तेच बंद. देव दिसत होता, शिवता येत नव्हता. दोन वर्षे लोटल्यावर 2 एप्रिल 2022 च्या गुढीपाडव्याला पदस्पर्श मोकळा झाला. काही दिवस जाऊ देऊन मी दर्शनबारीत उभा राहिलो. महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीसमोर नेहमीप्रमाणे हात जोडले. मात्र या खेपेस माझी पावले तेथे जरा अधिक रेंगाळली, मागचा माणूस खाकरला. आत माझे डोके पायांवर टेकले न टेकले तोच सेवेकऱ्याने खांद्याला धरून पुढे सरकवले. थंड, गुळगुळीत दगड. एवढेच.

परतताना बोळाच्या तोंडाशी ती भाजीवाली बसली होती. नवऱ्याला दुसऱ्या लाटेत दवाखान्यात ठेवावे लागले होते, तेव्हापासून त्याची छाती अशक्त झाली म्हणून ती आता दारोदार हिंडत नाही, एका जागी बसून दुपारी घरी जाते. "दर्शन झालं का?" तिने विचारले. मी म्हटले, "झालं. तुझं?"

"आजून न्हाई गेले," ती मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली. "त्येला सकाळ-सांज वाफ द्यायची असती. येळ कुठं गावतो?"