भीती तिने स्वतःकडे ठेवली

चैत्र लागला की चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गावं लवकर जागी होतात. मोहाची फुलं रात्रीतून गळतात आणि पहाटेपर्यंत झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असतो. ऊन चढायच्या आत, गुरं आणि रानातली जनावरं तिथे पोचायच्या आत, ती टोपलीत यायला हवीत. म्हणून वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीत आणि पलीकडे आरमोरी, धानोरा, कुरखेड्यात घरोघरच्या बाया टोपल्या घेऊन निघतात. सोबत मुलंही असतात. उंबरा ओलांडताना माय सांगते, “उजाडल्याबिगर जंगलात घुसू नोको. एकटी मागे राहू नोको. बोलत राहा, हाका देत राहा. सारखी वाकून वेचू नोको, मधूनमधून उभी राहून चारी बाजूंनी पाहा.”

दहा-बारा वर्षांच्या पोरीला ही कटकट वाटते. मैत्रिणी पुढे गेलेल्या असतात, चांगलं झाड त्या आधी गाठणार असतात आणि मायचं सांगणं काही संपत नाही. रोज तेच बोलणं, त्याच क्रमाने. कारण मात्र ती कधीच सांगत नाही.

ते कारण पुढे कधीतरी कळतं. वनखात्याची माणसं आज या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांत येऊन जे सांगतात, ते जवळपास शब्दशः हेच असतं. जंगलात गटाने जा. पहाटेच्या आणि सांजेच्या अंधारात जाऊ नका. आवाज करत राहा. फार वेळ वाकून किंवा बसून काम करू नका. ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ मध्ये मिळाला आणि १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघाला प्रकल्पाची हद्द ठाऊक नसते. तो ब्रह्मपुरीच्या धानशेतीलगतच्या झुडपी जंगलातही राहतो. संधिप्रकाश ही त्याच्या हालचालीची वेळ. वाकलेला माणूस उंचीने चितळ-रानडुकराएवढाच दिसतो. माणसांचा आवाज कानी आला, तर वाघ बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो. हे सगळं अभ्यासकांनी पुढे समजावून सांगितलं. मायला ते आधीपासून माहीत होतं, आणि तिने ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तिच्या एकेका वाक्यामागे एकेक माणूस होतं. शेजारची कुणी, नात्यातलं कुणी, वेचायला गेलेलं आणि परत न आलेलं.

मग तिने हे आपल्याला तेव्हाच का नाही सांगितलं?

श्रोतेहो, मला वाटतं, या प्रश्नाच्या उत्तरातच आईच्या सल्ल्याचं खरं मोल आहे. कारण सांगितलं असतं, तर लेकरू दुसऱ्या दिवशी जंगलात पाऊल टाकायला धजलं नसतं. आणि जंगलात गेल्याशिवाय इथल्या घराचं भागत नाही. मोह संपला की मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी संकलनाच्या फडीवर न्यायचे. पाऊस पडला की वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, आणि सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या. वर्षभराचं मीठ-मिरची, वह्या-पुस्तकं आणि कपडालत्ता त्या झाडांखालूनच येतो. लेकराला जंगलात पाठवणं भाग होतं आणि त्याच्या मनात जंगलाची दहशत बसूनही चालणार नव्हतं. म्हणून मायने एक वाटणी केली. भीती तिने स्वतःकडे ठेवली आणि सावधपणा तेवढा आपल्या हाती दिला.

लहानपणी आपल्याला सूचना ऐकू येते. तिच्या पाठीमागची भीती ऐकू यायला मोठं व्हावं लागतं. आज आपली मुलगी शिकायला नागपूरला किंवा पुण्याला निघते आणि आपण बसच्या खिडकीशी उभं राहून सांगतो, पोचलीस की फोन कर, रात्री उशिरा एकटी फिरू नको. ती विचारते, का? आणि आपणही खरं कारण सांगत नाही. मनात आलेलं सगळं बोलून दाखवलं, तर तिचं जाणंच जड होईल, हे आपल्याला माहीत असतं. त्या क्षणी आपल्या आईचं गप्प राहणं आपल्याला पहिल्यांदा नीट समजतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. आईचं आणि आजीचं प्रत्येक सांगणं बरोबरच असतं असं नाही. याच भागात गरोदर सुनेला सासू सांगायची, पोटभर जेवू नको, बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. बाळ जन्मल्यावर पहिलं चिकाचं दूध काढून टाकायची रीतही होती. आज आपल्याला कळतं की या दोन्ही गोष्टींनी नुकसानच होत होतं. पण त्या सांगण्यामागची भीती पाहा. रस्ता नाही, दवाखाना कोसावर, पावसाळ्यात नाल्याला पूर, आणि घरात अडलेली बाळंतीण. ते मरण तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. भीती खरी होती, उपाय चुकला होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९८८ च्या सुमाराला इथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला ऊब द्यायची, लगेच अंगावर पाजायचं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुदोषाची लक्षणं कशी ओळखायची आणि औषध कसं द्यायचं, हे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. ३९ गावांतल्या या कामाचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली.

हे घडलं ते गावातल्या आया आणि आज्यांनी दार उघडलं म्हणून. आजवर जे सांगत आलो ते बदलायला त्या तयार झाल्या, कारण त्यांना आपला शब्द वाचवायचा नव्हता, बाळ वाचवायचं होतं. म्हणून आईचा सल्ला तपासून पाहण्यात तिचा अपमान नाही. तिच्या उपायापेक्षा चांगला उपाय सापडला, तर तो जरूर घ्यावा. पण तिला ज्याची काळजी होती, ती काळजी टाकून देऊ नये.

कधीकधी या भूमीतल्या आयांनी मनात ठेवलेली भीती उघडपणेही मांडली आहे. ‘दारूच्या वाटेला जाऊ नको’ हे वाक्य इथल्या किती चुलींपाशी बोललं गेलं असेल! एकटी माय बोलली तेव्हा ते घरातच विरून गेलं. मग गावोगावच्या बाया एकत्र आल्या, सभांमध्ये उभ्या राहिल्या, आणि १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायांनीही मोर्चे काढले, पायी चालत गेल्या. तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. कायद्याबद्दल माणसांची मतं वेगवेगळी असू शकतात. घरात मायने दिलेला सल्ला मात्र बंदी आली म्हणून सुरू झाला नव्हता आणि बंदी उठली म्हणून संपलाही नाही. तिच्या डोळ्यांसमोर अजूनही लेकराचं ताट आहे.

आणि आता मला तुमच्यापुढे ठेवायची आहे ती या सगळ्यातली सर्वांत जड गोष्ट. आपल्याला सल्ले देणारी ही बाई स्वतःबद्दल काय सांगते? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे अंगावर दुखणं घेऊन या बाया रोवणी करत होत्या, मोह वेचत होत्या, लेकरांना ताप आला की रात्र जागत होत्या, आणि आपल्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. भीती जशी त्यांनी स्वतःकडे ठेवली, तसं दुखणंही स्वतःकडेच ठेवलं.

म्हणून आईच्या सल्ल्याची किंमत कळली, असं म्हणून नुसतं गहिवरून थांबता येणार नाही. ज्याला ती किंमत खरोखर कळली, त्याच्यावर एक काम येऊन पडतं. इतकी वर्षं तिने एकटीने वाहिलेलं थोडं तरी आपल्याकडे घ्यायचं. त्यासाठी आधी विचारावं लागतं. ‘माय, तू तेव्हा हे का सांगायचीस? कुणाचं काय झालं होतं?’ असं विचारलं की ती बोलते. गावाचा कुठे न लिहिलेला इतिहास बाहेर येतो. कोणत्या झाडाची साल कशाला चालते, कोणत्या नाल्याला अचानक पाणी येतं, कोणत्या साली काय खाऊन दिवस काढले, हे कळतं. गडचिरोलीच्या बायांकडून झाडांविषयीचं असं ज्ञान ऐकून डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं. आपल्या घरातल्या माहितगार बाईचं ऐकायला आपल्याला तर पुस्तक लिहायचीही गरज नाही. शेजारी बसायचं आणि वेळ द्यायचा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ‘माय, तुला कुठे दुखतं?’ पहिल्यांदा ती ‘काही नाही’ म्हणेल. तिला तीच सवय आहे. तरी पुन्हा विचारा, आणि तिला तपासणीला घेऊन जा. तिने आपल्याला जितक्या वेळा एकच गोष्ट न कंटाळता सांगितली, तितक्या वेळा हे विचारायला आपणही कंटाळू नये.

ज्यांची आई आता नाही, त्यांच्यासाठीही वाट बंद झालेली नाही. गल्लीत, शेतात, मोहाच्या झाडाखाली अशी एखादी वडीलधारी बाई असतेच, जिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.

आज दिवसाच्या कामाला लागण्याआधी यातला एक तरी प्रश्न आपल्या घरात विचारून पाहू या. आईचा सल्ला ऐकायला आपण उशीर केला असेल. तिचं ऐकून घ्यायला आता करू नये.