विष कुठल्या वाटेने जातं?

मीरा-भाईंदर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दीड महिन्याच्या बाळाला पोलिओचे थेंब पाजतात आणि मांडीत पेंटाव्हॅलंट ही एकत्रित लस टोचतात. त्या सुईत धनुर्वात आणि घटसर्पाच्या जंतूंची विषं असतात, अर्थात निर्विष केलेली. याच लसीतल्या हिब जंतूच्या साखरेच्या वेष्टणाला सहसा धनुर्वाताचं हेच निर्विष प्रथिन जोडतात, कारण नुसत्या साखरेची तान्ह्या बाळाचं शरीर फारशी दखल घेत नाही. म्हणजे एका जंतूचं विष दुसऱ्या रोगाच्या लसीला हात देतं.

हीच मदत तोंडावाटे मिळेल का? पोलिओच्या थेंबांत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो आणि शरीराला आपोआप जागं करतो. पण तापानंतर ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसचं एखादं प्रथिन नुसतं गिळलं, तर आतडं त्याला अन्नच समजतं. वरण-भात, दूध, मासळी अशी परकी प्रथिनं ते रोज मुकाट स्वीकारतं. हा सोशिकपणा नसता, तर आपल्याला जेवणच बाधलं असतं.

पटकीचं विष हा सोशिकपणा मोडतं. पटकीचा जंतू असं विष सोडतो, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवलं: जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठलं. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत उंदरांना एका प्रथिनासोबत हे विष पाजलं, तेव्हा आतड्याने ते प्रथिन निमूटपणे सोसलं नाही. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. विष आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटतं, म्हणून ते घातक. आणि त्याच गुणामुळे उपयोगी.

पण अशी पकड मज्जातंतूंवरही बसू शकते. ई. कोलाय जंतूचं याच जातीचं विष घातलेली फ्लूची लस स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हिवाळ्यात नाकावाटे दिली गेली. ती घेतलेल्यांमध्ये चेहरा एका बाजूने लुळा पडण्याचं प्रमाण बरंच वाढलेलं दिसलं आणि लस मागे घ्यावी लागली.

त्यानंतर या विषाची दोन अमिनो आम्लं बदलून त्याचा मारकपणा कमी केला गेला. जुलाबावरच्या लसीसोबत हे सौम्य रूप स्वयंसेवकांना पाजूनही पाहिलं आहे. हर्पिसच्या प्रथिनासोबत अशा विषांचे प्रयोग उंदरांवर झाले. ओठावरच्या हर्पिसची मान्यताप्राप्त लस मात्र अजून नाही. म्हणून अशा लसीची बातमी वाचाल, तेव्हा विष कोणतं एवढ्यावर थांबू नका. ते कुठल्या वाटेने दिलं आणि कोणाला, उंदराला की माणसाला, हेही विचारा.