पहिल्या क्रमांकाचं अपयश

30 ऑक्टोबर 2001 रोजी मायकल जॅक्सनचा ‘इन्व्हिन्सिबल’ हा अल्बम अमेरिकेतल्या दुकानांत आला. पहिल्या आठवड्यात तिथे त्याच्या 3 लाख 60 हजारांहून अधिक प्रती खपल्या. ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला, ब्रिटनमध्येही पहिला आला. काही महिन्यांतच अमेरिकेत त्याला 20 लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. दुसरा एखादा गायक एवढ्या खपावर जन्मभर मिरवला असता. जॅक्सनचा हा अल्बम मात्र त्याच हिवाळ्यात ‘पडला’ म्हणून जाहीर झाला, आणि तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

कमी खपला म्हणताना कशाच्या मानाने कमी, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. इथे ते सांगता येतं. जॅक्सनच्याच मागच्या अल्बमांच्या मानाने म्हणावं, तर 1991 साली ‘डेंजरस’ पहिल्या आठवड्यात सव्वातीन लाखांच्या आसपास विकला गेला होता. म्हणजे सुरुवात ‘डेंजरस’पेक्षा सरसच होती. पण मधल्या दहा वर्षांत बाजार फुगला होता. मार्च 2000 मध्ये ‘एन सिंक’ या पोरांच्या चमूने एका आठवड्यात 24 लाख प्रती विकल्या होत्या. ‘इन्व्हिन्सिबल’नंतर आठवड्याभराने ब्रिटनी स्पीअर्सचा अल्बम आला आणि त्याने साडेसात लाखांच्या जवळ जाणारी मजल मारून जॅक्सनला खाली ढकललं. ही सगळी मंडळी जॅक्सनचं बघून नाचायला शिकलेली. 43 वर्षांच्या गुरूला विशीतल्या शिष्यांच्या फुटपट्टीने मोजलं गेलं.

ही फुटपट्टी तरी किती जुनी? 1991 पर्यंत ‘बिलबोर्ड’ची यादी दुकानदारांना विचारून तयार होत असे. कोण कितवा एवढंच कळे. आठवड्याला नेमक्या किती प्रती गेल्या हे कुणालाच ठाऊक नसे. त्या वर्षी ‘साउंडस्कॅन’ आलं, गल्ल्यावरच्या यंत्रातून थेट आकडे येऊ लागले आणि पहिला आठवडा हा एकाएकी निकालाचा दिवस होऊन बसला. जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला ही कसोटी लागलीच नाही. डिसेंबर 1982 मध्ये तो यादीत शिरला तो अकराव्या क्रमांकावर. पहिला यायला त्याला फेब्रुवारी उजाडला. मग मे महिन्यात टीव्हीवर जॅक्सनचा ‘मूनवॉक’ लोकांनी पाहिला, डिसेंबरात ‘थ्रिलर’च्या शीर्षकगीताचा लांबलचक व्हिडिओ आला, आणि अल्बम एकूण 37 आठवडे शिखरावर राहिला. हे सगळं घडायला वर्षाहून अधिक काळ लागला. 2001 च्या घाईत ‘थ्रिलर’ आला असता तर पहिल्या पंधरवड्यात त्याचं काय लिहिलं गेलं असतं, याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.

इथपर्यंतचं म्हणणं जॅक्सनच्या चाहत्यांना गोड वाटेल. अल्बम चांगला होता, माप खोटं होतं, एवढ्यावर ते थांबायला तयार असतात. मला तसं थांबता येत नाही, कारण मी तो अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला आहे. तो वाईट नाही; थकवणारा आहे. सोळा गाणी, सत्त्याहत्तर मिनिटं. आणि माझं म्हणणं असं, की खपाची अपेक्षा हे काही अल्बम बाजारात आल्यावर बाहेरून लावलेलं माप नव्हतं. ती चार वर्षं आधी स्टुडिओत शिरली होती आणि तिनेच तो अल्बम घडवला होता.

ध्वनिमुद्रण 1997 मध्ये सुरू झालं आणि 2001 पर्यंत रेंगाळलं. खर्च 3 कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं त्या वेळी छापून आलं आणि पुढे तोच आकडा रूढ झाला. ‘थ्रिलर’चा खर्च साडेसात लाख डॉलर सांगितला जातो. एवढे पैसे गाणी करायला लागत नाहीत. ते लागतात केलेली गाणी बाजूला ठेवायला. तेव्हाच्या रेडिओवर ज्याचा ठेका सर्वांत जास्त वाजत होता त्या निर्मात्या रॉडनी जर्किन्सला बोलावलं गेलं. ‘डेस्टिनीज चाइल्ड’, ब्रँडी, मोनिका या गायिकांसाठी त्याने काढलेला तुटक, धातूसारखा आवाज हवा होता. दुसरा निर्माता टेडी रायली तर ‘डेंजरस’पासूनचाच. तीन-चार मिनिटांच्या गाण्यावर महिनोन्‌महिने काम चाले. पण रेडिओवरचा ठेका दर सहा महिन्यांनी बदलतो. 1999 ची नवलाई 2001 मध्ये बाहेर आली तर ती शिळी असते, आणि शिळेपण झाकायला अजून महिने, अजून पैसे. जितका उशीर, तितका खर्च. जितका खर्च, तितकी प्रत्येक गाणं हमखास गाजलंच पाहिजे ही सक्ती.

पहिलंच गाणं ‘अनब्रेकेबल’ घ्या. त्यात मधेच रॅपर नोटोरियस बी.आय.जी.चा आवाज येतो. तो माणूस 1997 मध्ये गोळीबारात मारला गेला होता. त्याचं ते कडवं बास्केटबॉलपटू शकील ओ’नील याच्या 1996 च्या एका गाण्यातून उचलून इथे बसवलं आहे. आपण अजिंक्य आहोत, असं सांगणाऱ्या अल्बमची सुरुवात एका मृत रॅपरच्या पाच वर्षं जुन्या उसन्या कडव्याने होते, आणि हे कुणालाच खटकलं नाही. की खटकलं, पण बोलणारं कुणी उरलं नव्हतं?

यावर एक रास्त आक्षेप निघतो. ‘थ्रिलर’ तरी कशातून जन्मला? अपेक्षेतूनच. त्याआधीच्या ‘ऑफ द वॉल’ला 1980 च्या ग्रॅमीत एकच पारितोषिक मिळालं, ते जॅक्सनला लागलं आणि पुढचा अल्बम कुणाला नाकारताच येणार नाही असा करायचा, हे त्याने मनाशी पक्कं केलं. ‘बॅड’च्या वेळी तर 10 कोटी प्रतींचा आकडा त्याने आरशावर लिहून ठेवला होता, अशी गोष्ट त्याच्या चरित्रांत येते. ‘बॅड’मधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, असं पूर्वी कुठल्याच अल्बमच्या बाबतीत झालं नव्हतं, तरीही ‘थ्रिलर’एवढा नाही म्हणून तो थोडा फसलाच, असंही लिहिलं गेलं. म्हणजे हा आजार जुना. मग तेव्हा तो का पचला?

कारण तेव्हा अपेक्षेसमोर उभं राहणारं कुणीतरी होतं. निर्माता क्विन्सी जोन्स होता, ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन होता, आणि एक गोष्ट या दोघांहून कठोर होती: तबकडीची लांबी. ‘थ्रिलर’चं पहिलं मिश्रण तयार झालं तेव्हा ते ऐकून सगळ्यांची तोंडं उतरली. एका बाजूला जास्त मिनिटं भरली की खाचा बारीक होतात आणि आवाज दबतो. मग गाणी कापली गेली, प्रत्येकाचं मिश्रण नव्याने झालं. शेवटी नऊ गाणी राहिली, बेचाळीस मिनिटांची. विनाइलने त्यांना नकार शिकवला. सीडीला तशी अडचण नव्हती. ती ऐंशी मिनिटांच्या आसपास काहीही गिळते. ‘बॅड’नंतर क्विन्सीही सुटला. आता जॅक्सनला नाही म्हणणारं माणूसही नव्हतं आणि यंत्रही नव्हतं. ‘इन्व्हिन्सिबल’ची सोळापैकी सहा-सात गाणी काढून टाकली तर उरतो तो फार सुबक अल्बम आहे, असं मला वाटतं. पण 3 कोटी खर्चल्यावर गाणी टाकून देणं म्हणजे पैसे टाकून देणं, आणि ते कुणाच्याच जमाखर्चात बसत नाही.

चाहत्यांचं आवडतं स्पष्टीकरण वेगळं आहे: त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, सोनीने, अल्बम मुद्दाम मारला. जुलै 2002 मध्ये जॅक्सन स्वतः हार्लेममध्ये नागरी हक्क चळवळीतले नेते अल शार्प्टन यांच्या व्यासपीठावर उभा राहिला आणि सोनी म्युझिकचा प्रमुख टॉमी मोटोला याच्यावर वर्णद्वेषाचा जाहीर आरोप करून बसला. त्याच सुमारास उघड्या बसमधून मॅनहॅटनमध्ये सोनीच्या इमारतीपर्यंत निषेधफेरीही झाली होती. या भांडणामागे गाण्यांच्या हक्कांचं मोठं प्रकरण होतं. 1985 मध्ये जॅक्सनने बीटल्सच्या गाण्यांसह एटीव्ही कंपनीचा सगळा संग्रह 4 कोटी 75 लाख डॉलरला घेतला होता. 1995 मध्ये तो सोनीच्या संग्रहात भागीदारीने मिसळला. कर्जात बुडालेल्या भागीदाराचा अल्बम आपटला तर त्याचा हिस्सा स्वस्तात पदरात पडेल, असा सोनीचा डाव असल्याचा संशय. (2016 मध्ये सोनीने तो हिस्सा त्याच्या वारसांकडून घेतला, पण 75 कोटी डॉलर मोजून. जॅक्सनची सर्वांत फायद्याची खरेदी दुसऱ्यांच्या गाण्यांची होती, ही गंमत वेगळीच.)

या संशयात तथ्य अजिबात नाही असं नाही. तिसरं गाणं प्रचारातून लवकर गळालं, व्हिडिओ थांबले. पण सोनीने आधी जाहिरातीवर अडीच कोटी डॉलरच्या आसपास ओतल्याचं सांगितलं जात होतं, आणि जॅक्सनने जगभर दौरा करायला नकार दिला हेही खरं. नवा अल्बम घेऊन तो गावोगाव लोकांसमोर गेला नाही. अल्बम पाच रंगांच्या मुखपृष्ठांत काढला होता, एकाच चाहत्याने पाचदा घ्यावा म्हणून. आज टेलर स्विफ्टची तबकडी पाच-सात रंगांत निघते तेव्हा त्याला धोरण म्हणतात. तेव्हा ते केविलवाणं वाटलं होतं.

11 सप्टेंबरचा हल्ला हेही एक कारण सांगतात. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला जॅक्सनच्या कारकिर्दीच्या दोन गौरवसोहळ्यांपैकी दुसरा 10 तारखेच्या रात्री झाला, सकाळी मनोरे पडले. गायिका मरायाह कॅरीचा ‘ग्लिटर’ तर नेमका त्याच दिवशी दुकानांत आला आणि पुढे व्हर्जिन कंपनीने तिला करारातून मोकळं करण्यासाठी 2 कोटी 80 लाख डॉलर दिले. पण ब्रिटनी त्याच शोकाकुल शरदात खपली. नॅपस्टरवरून गाणी फुकट उतरवून घेणारी पोरं सगळ्यांचीच घेत होती. 1993 च्या लैंगिक शोषणाच्या आरोपाचं सावट मात्र फक्त जॅक्सनवर होतं. दिवाणी दावा पैसे देऊन मिटला, तेव्हा फौजदारी खटला उभा राहिला नाही. पण मुलासाठी सीडी विकत घेणाऱ्या आईच्या मनात प्रश्न राहिला. तो प्रश्न जाहिरातीने सुटणारा नव्हता.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती नोव्हेंबर 2001 ची एक रात्र. सीबीएस वाहिनीने मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा सोहळा दाखवला, तेव्हा अमेरिकेत सुमारे 3 कोटी माणसांनी तो पाहिला. अल्बम येऊन दोन आठवडे झाले होते. याहून मोठी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. तरी खप उतरतच गेला. माणसं जॅक्सनला बघायला बसली होती, ‘बिली जीन’ ऐकायला बसली होती. नव्या अल्बमशी त्यांचं देणंघेणं नव्हतं.

मुंबईकरांना हे समजायला जड जाऊ नये. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात जॅक्सन नाचला, तेव्हा त्या नावावर मराठी तरुणांच्या रोजगाराचाही भार होता. कार्यक्रमाचा निधी त्या रोजगारासाठी काढलेल्या शिवउद्योग सेनेसाठी होता. राज्यातल्या युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि 3 कोटी 34 लाखांचं ते प्रकरण जानेवारी 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळासमोर येईपर्यंत जिवंत होतं. दौरा ‘हिस्टरी’ या अल्बमचा होता. त्या मैदानातल्या किती जणांनी तो अल्बम पैसे देऊन घेतला होता? मैदान भरलं ते नावाने. नाव एवढं मोठं झालं की त्याच्याकडे कुणीही काहीही मागू शकत होतं: कुणी नोकऱ्या, कुणी 3 कोटी डॉलरची वसुली, आणि स्वतः जॅक्सन, दुसरा ‘थ्रिलर’. त्या नावाचा माणूस आता नवीन काय म्हणतोय, हे मागणारे थोडे होते.

म्हणायला त्याच्याकडे थोडंफार होतं. ‘बटरफ्लाइज’ हे गाणं मार्शा अँब्रोझियस या तेव्हा अनोळखी असलेल्या ब्रिटिश मुलीने आंद्रे हॅरिससोबत लिहिलं. तिच्या कच्च्या ध्वनिफितीवर ते आधीच पूर्ण होतं. जॅक्सनने तिला स्टुडिओत बोलावून घेतलं आणि ही ओळ अशी हवी का, हा स्वर असा घेऊ का, असं तिलाच विचारत तो गायला. त्याला नाही म्हणू शकणारं कुणीतरी त्या खोलीत पुन्हा आलं होतं, ते असं. गाण्यात आव नाही, उसनं कडवं नाही. उंच आवाजात हळूच गाणारा मध्यमवयीन माणूस आहे. त्याचा व्हिडिओ निघाला नाही, दुकानांत ते सुटं आलं नाही. नुसत्या रेडिओवर ते ‘बिलबोर्ड’च्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्लन ब्रँडोला घेऊन तेरा मिनिटांचा व्हिडिओ ज्याच्यासाठी काढला होता, ते ‘यू रॉक माय वर्ल्ड’ दहाव्यावर थांबलं होतं.