भुकेची कैफियत

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत माझी एकोणतीस वर्षे लोकांच्या सह्या आणि अंगठे घेण्यात गेली. खरेदीखत असो, गहाणखत असो की बक्षीसपत्र असो, मजकूर वाचला का, समजला का, राजीखुशीने सही करता ना, हे प्रश्न मी हजारो माणसांना विचारले असतील. परंतु शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयातील परिचारिकेने संमतिपत्राचे चार कागद माझ्यापुढे ठेवून जवळजवळ तेच प्रश्न मला विचारले, तेव्हा लेखणी हातात धरून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. जठराचा सुमारे पाऊण भाग कायमचा काढून टाकण्यात येईल व तो पुन्हा जोडता येणार नाही. शिवलेल्या कडेतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत जाणे हे धोके रुग्णास समजावून देण्यात आले आहेत. क्वचित मृत्यूही संभवतो, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. यांपैकी कोणत्याही कलमाने माझा हात थांबला नाही. तो थांबला शेवटच्या ओळीतील ‘स्वेच्छेने’ या एका शब्दापाशी. जाणत्या वयापासून मला एकच गोष्ट ऐकवण्यात आली होती, की माझ्या ठायी इच्छेचे बळ नाही. आणि ज्याच्या ठायी ते बळच नाही, त्याने स्वेच्छेने केलेल्या सहीची किंमत ती काय, हा प्रश्न त्या संध्याकाळी मला खरोखर पडला.

त्या दिवशी माझे वजन 128 किलो भरले होते. उंची 168 सेंटिमीटर. म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो देहभारांक काढतात तो पंचेचाळीसच्या वर जात होता. 1991 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या सभेने वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांसाठी चाळीस, आणि मधुमेहासारखी व्याधी सोबत असल्यास पस्तीस, अशी मर्यादा आखून दिली होती. पुढे 2022 मध्ये या विषयातील शल्यविशारदांच्या संघटनांनी ती आणखी खाली आणली, आणि आशियाई देहप्रकृतीच्या माणसांसाठी तर साडेसत्तावीसपर्यंत नेली. कोणत्याही मोजमापाने मी पात्रच होतो, आणि तरीही सहा वर्षे मी हा विषय टाळत राहिलो. त्या सहा वर्षांत मी पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढलो, भात सोडला, साखर सोडली, दिवसातून दोनदाच जेवण्याचा नेम केला. एकदा आठ महिन्यांत एकोणीस किलो वजन उतरवले आणि पुढच्या वर्षभरात बावीस किलो परत घेतले. मधुमेहाच्या गोळ्या एकीच्या चार झाल्या आणि मग इन्सुलिन आले. रात्री झोपेत श्वास अडकू लागला. शल्यचिकित्सकाचे नाव काढले की नातेवाईक म्हणत, ‘पोट कापून घेण्यापेक्षा तोंड आवरणे काय वाईट?’ आणि मला ते पटत असे. अखेर निर्णय झाला तो कोणत्याही आकड्याने झाला नाही. एके सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना पत्नी शांतपणे म्हणाली, ‘अहो, तुमचा श्वास थांबला की मी अंक मोजत बसते. काल तिसाच्या पुढे गेले.’ किती रात्री ती अशी मोजत बसली असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्याच आठवड्यात मी रुग्णालयात नाव नोंदवले.

स्थूल मनुष्याची निंदा ही काही आजची नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिंदितीय’ नावाचा अध्यायच आहे, आणि शरीरावरून निंदेस पात्र ठरणाऱ्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूलाची गणना त्यात केलेली आहे. आपल्याकडे जुन्या ग्रंथांचे दाखले देणारे लोक येथवरच वाचतात. त्याच अध्यायात स्थौल्याची कारणे सांगताना गुरू आहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांच्याबरोबरच बीजस्वभाव हेही एक कारण आचार्यांनी नोंदवले आहे. इतकेच नव्हे, मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात कोंडतो, तेथील अग्नी भडकवतो, आणि म्हणून अशा मनुष्याला अन्न लवकर पचून पुन्हा पुन्हा भूक लागते, असेही त्यांनी म्हटले आहे. स्थूल मनुष्याची भूक हीच त्याच्या व्याधीचा भाग आहे, हा विचार त्या काळच्या वैद्याला सुचला होता. बीजस्वभावाची साक्ष पुढे फार दूरवरून आली. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या 540 माणसांचा अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला; त्या माणसांची अंगकाठी ज्यांच्या घरी ती जेवली, वाढली, त्या आईबापांशी जुळली नाही, ज्यांच्या पोटी जन्मली त्यांच्याशी जुळली.

आणि डोळ्यांनी पाहून माणसाच्या देहाची परीक्षा करणाऱ्यांनी आमच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे ते छायाचित्र एकदा पाहावे. 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात ते व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी प्रा. युडकिन शेजारी शेजारी दिसतात. दोघांचाही देहभारांक 22.3, परंतु शरीरातील चरबी एकाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची स्वतःची 21.2 टक्के. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची साक्ष किती अपुरी असते, हे त्यांनी आपलाच देह पुरावा म्हणून दाखल करून दाखवून दिले.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे मला केवळ पातळ पदार्थांवर ठेवण्यात आले होते, कारण यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो आणि तो आकसल्याशिवाय शल्यचिकित्सकाला आत काम करता येत नाही. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोटावर पाच लहान छिद्रे. पोट फुगवण्यासाठी आत सोडलेल्या वायूमुळे दोन दिवस खांदा असा ठणकत होता की कापले पोट आणि दुखतो खांदा याचे मला नवल वाटे. त्याच संध्याकाळी मला उठवून व्हरांड्यातून चालवले. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने खोकल्याच्या औषधाबरोबर येते तसले प्लास्टिकचे लहान माप आणून दिले. त्यावर रेघा होत्या. तिसाच्या रेघेपर्यंत कोमट पाणी, आणि तेवढे पाणी पंधरा मिनिटे पुरवायचे. पहिला घोट मी घेतला तेव्हा तो गळ्यातून खाली उतरताना मला अक्षरशः पावलागणिक कळत होता. छातीच्या हाडामागे तो क्षणभर थांबला, मग एका अरुंद वाटेने पुढे गेला. चोपन्न वर्षे मी पाणी पीत आलो होतो, आणि पाणी कसे उतरते याची मी कधी दखल घेतली नव्हती.

घरी आल्यावर शहाळ्याचे पाणी, वरणाची निवळी, गाळलेले ताक असा क्रम सुरू झाला. नवव्या किंवा दहाव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात आमटीला लसणाची फोडणी बसली, तिचा वास माझ्या खोलीत आला, आणि गेला. एवढेच घडले. परंतु ‘गेला’ हा अनुभव माझ्या आयुष्यात नवा होता. साताऱ्याला आमच्या घराच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. ती दिवसभर चाले आणि आम्हां मुलांना तिचा आवाज आवाज म्हणून कधी जाणवलाच नाही, पण संध्याकाळी पट्टा थांबला की घरातली माणसे एकमेकांशी हळू बोलू लागत, आणि आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे तेव्हा ध्यानात येई. त्या दुपारी माझ्या आतील गिरणी थांबली होती. मी त्या नऊ दिवसांत अधिक सद्गुणी झालो नव्हतो. माझा संयम वाढला नव्हता, व्रत घेतले नव्हते. मी तोच होतो. फक्त जन्मभर माझ्याशी सतत बोलत असलेली भूक गप्प झाली होती. ज्यांना हे स्वास्थ्य उपजतच लाभलेले आहे, त्यांनी ते स्वतःचे चारित्र्य समजावे आणि ज्यांना लाभले नाही त्यांच्या चारित्र्यावर शेरा मारावा, यात केवढा मोठा अन्याय आहे, हे मला त्या खोलीत पडल्या पडल्या उमगले.

याला शास्त्राचा आधार आहे. 1999 साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनी घ्रेलिन नावाचा एक स्राव शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात निर्माण होतो आणि मेंदूला भुकेची वर्दी देतो. माझ्या शस्त्रक्रियेत काढून टाकला जातो तो नेमका हाच भाग. उपासाने वजन उतरवणाऱ्याच्या रक्तात हा स्राव कमी होण्याऐवजी वाढतो, आणि मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिले की वजन उतरवून वर्ष उलटले तरी शरीराचा हा तगादा थांबत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढणारा मी आठ महिने ज्याच्याशी झगडत होतो तो माझा आळस नव्हता. इच्छाशक्ती ही निरुपयोगी वस्तू आहे असे मी म्हणत नाही. परंतु तिचे अधिकारक्षेत्र मर्यादित आहे, आणि तालुक्याच्या मामलेदाराने एकट्याने फौजेशी लढावे अशी अपेक्षा आपण तिच्याकडून करतो. आता भूक शमवणारी, आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची औषधेही आपल्या देशात मिळू लागली आहेत, आणि ती घेणारी माणसे जे सांगतात ते माझ्या अनुभवाहून फारसे निराळे नाही.

म्हणून शस्त्रक्रिया ही ‘सोपी वाट’ आहे असे कोणी म्हणाले की मला क्लेश होतात. चौथ्या महिन्यात माझे केस मुठीने गळले. घास नीट न चावता भाकरीचा तुकडा गिळला की तो छातीत अडकून घामाघूम होत असे. जेवणाबरोबर पाणी नाही. अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे लागते. प्रथिने मोजून घ्यायची, जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियम जन्मभर. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे जाई, तेव्हा पोटात भूक नसे. ती पस्तीस वर्षांची सवय होती, आणि तेथे मात्र मला इच्छाशक्तीचाच आधार घ्यावा लागला, आणि तेथे ती पुरली. सर्वांत अवघड गेली ती पंगत. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात, आणि ते खाऊन स्वीकारतात; माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईला माझ्या पुढ्यातली लहान वाटी पाहवत नसे. ‘अरे, पाखराएवढं तरी खा रे,’ ती म्हणे, आणि तिच्या हातातली पळी तशीच राही.

आता जी गोष्ट लिहावी म्हणून हा लेख हाती घेतला ती लिहितो. बारा वर्षांपूर्वी साताऱ्याला भाच्याच्या मुंजीत ताई आणि मी एकाच पंगतीला शेजारी बसलो होतो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि बांध्याने माझ्याचसारखी. श्रीखंडाचे भांडे दुसऱ्यांदा आले, तिने पान पुढे केले, आणि समोरच्या ओळीतील लोक आम्हा दोघांकडे पाहत आहेत असे वाटून मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, ‘ताई, पुरे आता. हात आवर.’ ती काही बोलली नाही. पानावरचा भात तसाच ठेवून उठली. त्यानंतर कोणत्याही कार्यात ती माझ्याबरोबर जेवायला बसली नाही. ‘तुम्ही उरकून घ्या, मी मागाहून बसते,’ असे म्हणे, आणि मला ते बरेच वाटे. जो आरोप लोक माझ्यावर ठेवत होते, तोच तपास न करता मी तिच्यावर ठेवला होता.

शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाले. वजन 86 किलो आहे, इन्सुलिन बंद आहे, आणि पत्नी रात्री झोपते. यंदा गौरीच्या जेवणाला ताई पुण्याला आली, तेव्हा मी तिला हाताला धरून माझ्या शेजारी बसवले आणि म्हणालो, ‘ताई, मुंजीत मी तुला बोललो ते चुकलो. तुझी चूक नव्हती. कधीच नव्हती.’ ती पानाकडे पाहत राहिली. ‘जाऊ दे रे, किती वर्षं झाली त्याला,’ म्हणाली. माझे चार घास लवकर संपले. मी उठलो नाही, ती जेवेपर्यंत बसून राहिलो. थोड्या वेळाने माझी मुलगी वाढायला आली, तेव्हा ताईने मान वर केली आणि तिच्याकडे दुसऱ्यांदा भात मागितला.