गंभीर वाक्य कोणाच्या तोंडी?

दिवाळी सरली, धान घरात आलं की झाडीपट्टीत मंडप उभे राहतात. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांच्या तारखा ठरतात आणि होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावांत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकी-जावई नाटकासाठी गावी येतात, सोयरिकी जुळतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा प्रत्येक गावाला ती आपल्या घरात आल्यासारखी वाटली.

या मंडपात मी लहानाचा मोठा झालो, म्हणूनच एक गोष्ट टोचते. बऱ्याच नाटकांत नायक प्रमाण मराठी बोलतो. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. माडिया किंवा गोंडी बहुधा ऐकूच येत नाही. घरी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं पोर अगदी पुढे, तट्ट्यावर बसून हे पाहतं. आजीची बोली हसायला, आणि अन्यायाविरुद्ध उभं राहायचं तर दुसरी भाषा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला समतेचा धडा त्याच्यापर्यंत पोचतो तो याच्या कितीतरी नंतर.

विविधता शिकवायची म्हणून शाळाही नाटक करते. पण 26 जानेवारीला माडिया मुलांच्या डोक्यात पिसं खोवून पाहुण्यांपुढे नाचवणं ही विविधता नव्हे. त्यात मूल दिसतं, बोलत नाही. मुलाला गंभीर वाक्य द्या, तेही त्याच्या भाषेत. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर येऊन थांबतं.

काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत मुलांबरोबर नाटक बसवत होतो. विषय त्यांनीच निवडला: मोहफुलं घेऊन बाजाराला निघालेली आजी आणि तिला अडवणारा नाकेदार. नाकेदार व्हायला सगळेच तयार. काठी मिळते, ओरडता येतं. आजी झालेली सहावीतली मुलगी मात्र मराठीत पाठ केलेलं वाक्य पुटपुटत होती. मी म्हटलं, तुझी आजी बोलते तसं बोल. तिनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि माडियात बोलू लागली. मला अर्धंही कळलं नाही. वर्ग मात्र एकदम गप्प झाला, आणि नाकेदाराची काठी खाली आली.

ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआलनं 1970च्या दशकात असंच नाटक रुजवलं. प्रेक्षकानं प्रयोग थांबवायचा, पीडिताच्या जागी उभं राहायचं, वेगळं काही करून पाहायचं. आमच्याकडे त्यासाठी कथा बाहेरून आणायची गरज नाही. 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाची मालकी मानली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू वाहून न्यायचा पास द्यायचा कोणी, यावर अडलंच. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हा प्रसंग मुलांनी करून पाहावा. जिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, त्या सभेत एक जण ‘नाही’ म्हणाला तर पुढे काय, हे दहा वर्षांचं मूल करता करता शिकतं.

भूमिकांची अदलाबदलही हवी. मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत, सिरोंच्यात घरी तेलुगू बोलणारी. चंद्रपुरात 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या घरांतली नातवंडं-पणतवंडंही त्याच बाकांवर आहेत. प्रत्येकाकडे विस्थापनाची किंवा वेशीबाहेर ठेवल्याची गोष्ट आहे. मात्र दुसऱ्याचं दुःख अंगावर घेण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारायचं, कारण नक्कल आणि भूमिका यांतलं अंतर फार थोडं असतं.

आमच्या त्या तालमीत शेवट ठरलेला नव्हता. नाकेदार माझ्याकडे पाहू लागला; मी काही बोललो नाही. एवढ्यात मागच्या रांगेतून चौथीतला एक मुलगा उठला. त्यानं आपल्या वहीचं पान फाडलं, त्यावर पेन्सिलनं गावाचं नाव लिहिलं, खाली ‘ग्रामसभा’ असं ठळक केलं आणि ते आजीच्या हातात दिलं. तिनं ते नाकेदाराला दाखवलं, टोपली उचलली आणि बाजाराची वाट धरली.